रहाट, टेक तीन

कृतिकाच्या गळ्यात हे काम पडलं ते तिला तारखा चुकलेल्या खपत नाहीत म्हणून. ओवीला पहिला दात कधी आला, गोवराची लस कुठल्या वारी टोचली, मागच्या श्रावणात ताप किती वाजता एकशे दोनच्या वर गेला आणि किती वाजता उतरला, हे सगळं एका निळ्या वहीत लिहिलेलं असे. ओवी आता दोन वर्षांची झाली होती आणि वही तिसरी चालू होती. नवरा कौस्तुभ तिला चिडवायचा, "आमच्या घरात एक मूल आणि एक तलाठी आहे." पण नालासोपाऱ्याच्या उमंगचा फोन आला तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, काशिनाथ वर्तकांनी, दोन मिनिटं हूं हूं केलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

"हा पोरगा तारखा मागतोय. माझ्या डोक्यात काही राहत नाही. तू बघ."

उमंग वयाने तिच्याहून लहान, अठ्ठावीसचा. जुनी, विसरून गेलेली रेकॉर्डिंग शोधायची, ती धुऊनपुसून नव्याने काढायची, असा त्याचा उद्योग होता. नालासोपाऱ्याच्या वनरूम किचनमध्ये वाढलेल्या या मुलाला वसईतच, स्टेशनपासून वीस मिनिटांवर, देशातल्या पहिल्यावहिल्या जाझ फ्यूजन बँडांपैकी एक होऊन गेला हे कळलं, तेव्हा त्याला म्हणे रात्रभर झोप लागली नव्हती. त्या बँडच्या निवडक दहा रचनांची एलपी तो काढत होता. तीच जुनी, काळी, मोठी तबकडी.

बँडचं नाव 'बेसिन फाइव्ह'. वसईचं जुनं नाव बसीन, त्यावरून ठेवलेलं. पहिल्याच पोस्टरवर छापणाऱ्याने 'बेसिन' केलं आणि ते तसंच राहिलं. गावातल्या होळी चौकातल्या बाजारात लोक विचारायचे, "काय रे, नळ पण बसवून देता का?" ट्रम्पेटवाला बावतीस हा बँडचा म्होरक्या, पाचूबंदरचा कोळी. लग्नाच्या वरातीत बाजा वाजवता वाजवता कुलाब्याच्या हॉटेलांत पोचलेला. सॅक्सोफोन, पियानो आणि बेस गिटार वाजवणारे तिघे त्याचे मित्र. पाचवे काशिनाथ. मुळगावच्या वाडीतल्या केळी-पानवेलींतून उठून ड्रमसेटवर बसलेला घरातला धाकटा मुलगा. चर्चच्या सणाचा बाजा, ढोलकी, घुमट आणि अमेरिकन जाझ यांचं त्यांनी अठ्ठ्याहत्तर साली जे काही केलं, त्याला तेव्हा इथे नाव नव्हतं. फ्यूजन म्हटलं की लोकांना विजेचा फ्यूज आठवायचा. आता बावतीस नाही, पियानोवाला नाही, सॅक्सोफोनवाला नाही, बेस गिटारवाला कॅनडात लेकीकडे, आणि त्याला जेवलो की नाही हेही आठवत नाही. राहिले काशिनाथ.

म्हणून एलपीच्या कव्हरवर काशिनाथांचाच फोटो येणार होता. एलपीचं नावही त्यांच्याच रचनेवरून: 'रहाट'.

मुळगावात 'रहाट' माहीत नाही असा साठीचा माणूस मिळायचा नाही. सात मात्रांचा ताल, आणि मधोमध तीन मिनिटं नुसता घुमट. घुमट म्हणजे मातीचं मडकं. एका तोंडाला चामडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने चामडं वाजवायचं आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत-सोडत राहायचं, की आवाज आतून फुगून बाहेर येतो. त्या तीन मिनिटांत प्रत्येक तिसऱ्या फेरीला घुमट अर्धी मात्रा अडखळायचा आणि मग पुढे जायचा. काशिनाथ सांगायचे, "आमच्या विहिरीवरच्या रहाटाला एक पोहरा फुटका होता. तो वर आला की पाणी पडायचं नाही, नुसती हवा. ती हवा मी वाजवली." वाचनालयाच्या व्याख्यानात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बँकेच्या रांगेत, कृतिकाने ही गोष्ट निदान वीसदा ऐकली होती. ऐकणारे मान हलवायचे. काशिनाथ वर्तक म्हणजे ज्याने रहाट वाजवला तो. पोटापाण्याला त्यांनी तेहतीस वर्षं नगरपरिषदेच्या पाणीखात्यात काढली होती, पण त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारत नसे.

उमंगने मागच्या कव्हरचा मजकूर पाठवला होता. त्याची सुरुवातच त्या फुटक्या पोहऱ्याने होती. काशिनाथांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि शांताबाईंना, म्हणजे बायकोला, मोठ्याने वाचून दाखवला. त्या "हूं" म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी मोजायला लागल्या.

शुक्रवारी सगळं छापायला जाणार होतं. मंगळवारी दुपारी, ओवी झोपल्यावर, कृतिका शेवटचा तक्ता भरायला बसली. कुठली रचना, कुठे रेकॉर्ड झाली, कोणत्या दिवशी, कोण काय वाजवतंय. उमंगने बावतीसच्या माळ्यावर सापडलेल्या टेपच्या खोक्यांचे फोटो पाठवले होते. बावतीसचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं, पण आकडे स्वच्छ. सातव्या खोक्यावर लिहिलं होतं: रहाट, टेक तीन, २१-११-८६.

तिने ती तारीख तक्त्यात लिहिली. मग पेन्सिल तशीच धरून बसली.

कौस्तुभचा वाढदिवस सोळा नोव्हेंबर. साल शहाऐंशी.

म्हणजे त्या दिवशी घरात बाळंतीण होती आणि बाळाचा सहावा दिवस होता. या घरात सोयर पाळतात. ओवी झाली तेव्हा कृतिकाने ते पाहिलं होतं, नव्हे, सोसलं होतं. दहा दिवस देवघर बंद. आणि काशिनाथांच्या खोलीतली ढोलकी, ड्रम, सगळ्यांवर जुनी धोतरं घातलेली. ओवी रात्रंदिवस रडायची, आणि कोणीतरी हलकेच काहीतरी वाजवलं की गप्प व्हायची, हे दवाखान्यातच कळलं होतं. तिने चौथ्या दिवशी विनवलं होतं, "बाबा, नुसतं बोटांनी." ते म्हणाले होते, "वाद्य म्हणजे देव. सोयरात शिवायचं नाही. कौस्तुभच्या वेळीही दहा दिवस हात लावला नव्हता मी." मग ते स्टीलच्या डब्यावर वाजवत बसले होते.

तिने बोटांवर मोजलं. सोळा, सतरा, अठरा. पुन्हा मोजलं. बावतीसने चुकीची तारीख टाकली असेल. टेप विकत घेतली ती तारीख असेल. तिला शोध लागल्याचा आनंद नव्हता, भीती होती. शुक्रवारी जे छापलं जाईल ते पुढे खरं होऊन बसेल आणि तिने ते तपासून पाठवलेलं असेल, याची. आणि तिने तोंड उघडलं तर या घरात चार वर्षांत जो एक माणूस तिच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता, त्याचं काय करायचं, याची.

ती स्वयंपाकघरात गेली. शांताबाई हाताला तेल लावून केळफूल सोलत होत्या.

"आई, कौस्तुभ झाला तेव्हा बाबा घरी होते का?"

"होते की. दहा दिवस पायात पायात. सासरे घराबाहेर पडू देत नव्हते."

"सहाव्या दिवशी?"

"सहाव्या दिवशी तर सटवीची पूजा. संध्याकाळी ह्यांनीच पाटाभोवती रांगोळी काढली. वाकडी." शांताबाईंनी एक दांडी ओढून काढली. "का गं?"

कृतिकाने तारीख सांगितली. शांताबाईंचे हात थांबले नाहीत, पण सोललेली आणि न सोललेली फुलं एकाच ताटात पडायला लागली.

"तुम्हाला माहीत होतं," कृतिका म्हणाली.

"मला काय माहीत असायचंय? मी बाळंतीण. मला कोण विचारत होतं?" मग थोड्या वेळाने, ताटाकडेच बघत, "आणि माहीत असलं तर काय करायचं असतं, तुमच्या कॉलेजात शिकवलं असेल तर सांग."

कौस्तुभला तिने ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वीचं आहे ते. कोण बघतंय? बाबांचं आयुष्य आहे गं त्याच्यात." मग म्हणाला, "मीटिंग आहे." कृतिकाने फोन ठेवला. सासऱ्यांचं आयुष्य आहे हे तिला कळत होतं. पण घुमट कोणीतरी वाजवला होता, आणि ते कोणीतरी कुठेतरी होतं किंवा नव्हतं.

चार वाजता काशिनाथ वाडीतून आले. पाय धुतले, ओट्यावर बसले, ओवीला मांडीवर घेतलं. कृतिकाने चहा ठेवला आणि फोनमधला खोक्याचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. प्रस्तावना तिला जमायची नाही हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, ही तारीख बरोबर आहे का?"

त्यांनी चष्मा शोधला. तो कपाळावर होता. फोटो बघितला, आणि बराच वेळ बघत राहिले.

"बावतीस वेंधळा होता. चुकली असेल."

"बाकीच्या नऊ खोक्यांवरच्या बरोबर आहेत. मी तुमच्या पाणीखात्याच्या रजेच्या अर्जांशी ताडून पाहिल्या. आईंनी फाइल ठेवलीय."

"तुला कोणी सांगितलं होतं हे सगळं करायला?"

"तुम्ही, बाबा. तारखा बघ म्हणालात."

काशिनाथांनी ओवीला खाली ठेवलं. चहाला हात लावला नाही. आवाज त्यांनी चढवला नाहीच, पण "दे तो फोन, मी सांगतो त्याला कुठली लिहायची ती" असं म्हणताना त्यांच्या हनुवटीला जो कंप आला तो कृतिकाने पाहिला. ती फोन देणार होती. खरंच देणार होती. तेवढ्यात आतून शांताबाई म्हणाल्या, "पोरीला गप्प बसवू नका. मी बसले तेवढं पुरे."

वाडीत कोणाचा तरी पंप चालू होता. काशिनाथ त्या बाजूला तोंड करून बसले, आणि मग बोलायला लागले तेव्हा ते कृतिकाशी बोलतायत की पंपाशी, कळेना.

"बावतीसने स्टुडिओ एकवीसचा घेतला होता. हा कौस्तुभ डॉक्टरने सांगितलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी आला. वडील म्हणाले, सोयरात चामड्याला हात लावलास तर या घरात पाऊल ठेवू नकोस. आदल्या दिवशी बावतीस आला, कुंपणापलीकडेच उभा राहिला. म्हणाला, काशी, मग कोण वाजवणार? मीच म्हटलं, जुलीला ने."

"जुली कोण?"

"जुलियाना. त्याची बहीण. घुमट तीच वाजवायची, तिच्या आजीकडून शिकली होती. मी तिच्याकडून उचललं थोडंफार. मला ते डाव्या हाताचं कधी नीट आलंच नाही." ते थांबले. "तिचा बाप हॉटेलच्या बँडात मुलीचं नाव ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. लग्न ठरायचं होतं तिचं. बांद्र्याच्या चर्चात नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते सांगून गेली आणि वाजवून आली. कॅसेट निघाली तेव्हा बावतीस म्हणाला, तुझं नाव घालू दे रे. मी म्हटलं, घाल. एक ओळ तर होती."

"मग नंतर?"

"पहिल्यांदा कोणी कौतुक केलं तेव्हा सांगणार होतो. सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मग कसं सांगणार? पन्नासाव्यांदा तर मलाच आठवायला लागलं की मी स्टुडिओत बसलोय." ओवी त्यांच्या चपलेत पाय घालत होती. त्यांनी चप्पल सरकवून दिली. "तिला तेव्हा नाव नको होतं. आताही नकोच असेल. हवं तर विचारून बघ."

त्यांना ती नाही म्हणेल अशी आशा आहे, हे कृतिकाला स्पष्ट दिसलं. तिलाही तीच आशा होती, आणि त्याची तिला लाज वाटली.

"मी नाही विचारणार, बाबा. तुम्ही विचारा. मी येते बरोबर."

बुधवारी त्यांना अचानक केळीच्या बागेत काम निघालं. गुरुवारी सकाळी उमंगचे तीन मेसेज आले. दुपारी अडीच वाजता काशिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "रिक्षा बोलाव."

किल्ल्याच्या बाजूने रिक्षा पाचूबंदरला निघाली. कृतिका एका हाताने ओवीचं पोट आणि दुसऱ्या हाताने रिक्षाचा बार धरून बसली होती. पिशवीत पाणी, बिस्किटं, कपड्यांचे दोन जोड आणि पॅरासिटामॉल. धक्क्याजवळचा लिलाव कधीच आटपला होता. काठ्यांवर बोंबील वाळत होते, आणि एका निळ्या घराच्या पडवीत साठीच्या पुढची एक बाई जाळं मांडीवर घेऊन त्याची फाटलेली घरं विणत होती. तिने मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"कोन, काशी? रस्ता चुकला काय?"

"मुद्दाम आलोय, जुली."

"मंग काय तरी मागायला आला असशील. बस. ही सून ना तुझी? ये बाय, बस. हिला काय देऊ, गोड काय खाते का?"

ओवीने तोपर्यंत जाळ्याला लावायचा शिशाचा एक गोळा उचलून तोंडाशी नेला होता. कृतिकाने तो झडप घालून काढला, पाण्याने तिचे हात धुतले, ओठ पुसले, पुन्हा हात धुतले. जुलियाना बघत राहिली.

"आमची पोरं त्याच गोळ्यांवर दात घासून मोठी झाली, बाय."

"शिसं वाईट असतं, मावशी. रक्तात जातं."

"असं? म्हनून आमचे डोक्यानं जड हायेत," जुलियाना म्हणाली, आणि गोळ्यांचा डबा पायाने उचलून खाटेखाली सरकवला.

काशिनाथांनी विचारलं, यंदा बोंबील कसा आहे. मग विचारलं, डिझेलचं काय. मग थोरला मुलगा बोटीवर जातो का. जुलियाना प्रत्येकाला एकेका शब्दात उत्तर देत होती आणि सुई चालवत होती. शेवटी म्हणाली, "काशी, तू बोंबील इचारायला रिक्षा करून नाय आला."

"ती रेकॉर्ड परत निघतेय," काशिनाथ म्हणाले. "रहाटची. मोठी काळी. एक मुलगा काढतोय."

सुई थांबली.

"हाय ती अजून?"

"टेप सापडली बावतीसच्या माळ्यावर. साफ केलीय. ऐकायचीय?"

कृतिकाने फोन खाटेवर ठेवला आणि लावलं. आधी बावतीसचा ट्रम्पेट, मग बाकीचे, मग सगळे बाजूला झाले आणि घुमट एकटा उरला. जुलियानाने डोळे मिटले नाहीत की मान डोलवली नाही. दुरुस्तीला आणलेली वस्तू तपासावी तशी ती ऐकत होती. डावा तळवा तेवढा जाळ्यावर उघडझाप करत होता. तिसरी फेरी आली, घुमट अर्धी मात्रा अडखळला, आणि ती एकदम म्हणाली, "हितं."

"काय?" कृतिका म्हणाली.

"हितं चुकले मी. घामानं हात घसरला. आनि मंग पुढच्या तिसऱ्याला मुद्दाम तसंच केलं, म्हंजे बावतीसला वाटावं मी ठरवून करते. त्याला वाटलं पन. दोन टेक आधीच वाया गेले होते, टेप बी संपत आलेली. म्हनला, असू दे, बरं लागतंय."

काशिनाथांचं तोंड उघडंच राहिलं.

"घसरला?"

"घसरला म्हंजे घसरला. तू काय समजला?"

त्यांच्याऐवजी कृतिकाने सांगितलं. "बाबा सांगतात की वाडीतल्या रहाटाचा एक पोहरा फुटका होता. तो वर आला की नुसती हवा. त्याचा तो आवाज."

जुलियानाने काशिनाथांकडे पाहिलं. मग कृतिकाकडे. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला लागली. घरातून कोणीतरी बाई डोकावून गेली.

"तुज्या बापाच्या रहाटाला फुटका पोहरा? तो म्हातारा भोक पडलेली चाळन पन घरात ठेवायचा नाय."

"चाळणीला भोकं असतातच," काशिनाथ म्हणाले.

"तेच सांगते."

काशिनाथांनाही हसू आलं, नको असताना आलं, आणि ते हसू गेल्यावर त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "मी चाळीस वर्षं ती जागा तशीच वाजवतोय, जुली. स्टेजवर. लोक उभे राहतात त्या जागेला."

"मंग माज्या घामाला उभे राहतात."

ओवी वाळत घातलेल्या बोंबलांकडे बोट दाखवून "मासा, मासा" करत होती आणि कृतिका तिचा फ्रॉक मागून धरून होती. आता बाबा म्हणतील, उठू या, असं तिला वाटलं. ते तसं म्हणाले तर आपण काय करायचं, तेही तिने ठरवून टाकलं. आपण विचारायचं. तेव्हा लाज वाटेल, घरी गेल्यावर त्याहून वाईट होईल, पण विचारायचं. तिच्या तळहाताला घाम फुटला होता.

"नाव घालायचंय," काशिनाथ म्हणाले. "तुझं. त्या गाण्यापुढे. तेव्हा तुझ्या बाबांमुळे घातलं नव्हतं. आता तुला नको असेल तर..."

"घाल," जुलियाना म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली की त्यांचं 'तर' तसंच हवेत राहिलं.

"पूर्न घाल. जुलियाना पास्कू कोळी. नवऱ्याचं नको, त्यानं कदी ऐकलं नाय. बापाचंच लाव. त्यानंच अडवलं होतं, तर त्याचंच लागू दे." तिने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "बाय, तू लिवते ना? लिव. पास्कू. ऊ मोठा."

कृतिकाने फोनमध्येच लिहिलं आणि तिला दाखवलं. जुलियानाने चष्म्याशिवाय फोन लांब धरून अक्षर अक्षर वाचलं आणि परत दिला.

"मग माझं काय राहिलं?" काशिनाथ म्हणाले. त्यांना ते गमतीने म्हणायचं होतं, पण तसं झालं नाही.

"किती गानी हायेत त्या रेकॉर्डीत?"

"दहा."

"मंग नऊ राहिली. वाईट वाजवलं काय तू नऊ? नाय ना. मंग रडतो कशाला?" मग जरा खाली आवाजात, "बावतीसच्या मयतीला आला होतास तवा वाटलं होतं बोलशील. त्या दिवशी नाय बोललास ते लागलं मला. नाव छापलं नाय त्याचं नव्हतं काय."

काशिनाथांनी मान खाली घातली. "हो," म्हणाले. तिने अजून काही मागितलं नाही.

साडेचार वाजत आले होते. कृतिकाने उमंगचे मेसेज उघडले. कव्हर उद्या सकाळी छापखान्याला जाणार, आज संध्याकाळपर्यंत काही असेल तर सांगा, असं होतं. ती उमंगला लिहायला लागली, तर काशिनाथांनी हात पुढे केला.

"लावून दे. मी बोलतो."

फोन लागला. "हां काका, बोला, सगळं फायनल ना?" उमंगचा आवाज पडवीभर ऐकू येत होता, कारण काशिनाथांना स्पीकर बंद कसा करायचा ते येत नव्हतं.

"उमंग, रहाटमधला घुमट माझा नाही."

"म्हणजे? काका, एक मिनिट, रेंज जातेय बहुतेक."

"रेंज आहे. घुमट माझा नाही. जुलियाना पास्कू कोळी. बावतीसची बहीण. सून नाव पाठवते, तसंच छाप. ऊ मोठा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काका, सीरियसली? अहो, मागचा अख्खा मजकूर त्याच्यावर आहे. तो फुटका पोहरा..."

"पोहरा फुटका नव्हता."

"मग?"

"ते तिला विचार. फोन नंबर देतो."

"आणि कव्हर? कव्हरवर तुमचा फोटो आहे, खाली मोठ्या अक्षरांत 'रहाट' लिहिलंय. लोकांना वाटेल की..."

"वाटेलच. म्हणून तर बदल म्हणतोय. तिचा लाव."

"फोटो आहे त्यांचा? घुमटाबरोबर?"

काशिनाथांनी जुलियानाकडे पाहिलं. ती आधीच उठली होती. "नातवाचा घुमट हाय आत," ती म्हणाली. "बकऱ्याच्या चामड्याचा. आता घोरपडीचं लावत नाय, पोलीस धरतात." आणि आत गेली.

"अर्ध्या तासात पाठवतो," काशिनाथ फोनवर म्हणाले.

"काका, एक विचारू?" उमंग जरा थांबून म्हणाला. त्याच्या आवाजातला कामाचा घाईचा सूर गेला होता. "मी तीन महिने तुमची मुलाखत घेतोय. तेव्हा का नाही सांगितलं?"

कृतिकाने ओवीला उचलून कडेवर घेतलं. काशिनाथांनी सोयराचं कारण द्यावं, तारखेचं द्यावं, जुलीच्या बापाचं द्यावं, असं तिला मनापासून वाटलं. तिन्ही खरी होती.

"सांगायला नको वाटलं म्हणून," काशिनाथ म्हणाले. "आता छाप."

फोन बंद करायचा राहिला, तो कृतिकाने केला.

जुलियानाला वेळ लागला. आतून कपाट उघडल्याचा, कोणाला तरी रागावल्याचा, पिन सापडत नसल्याचा आवाज येत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काशिनाथ उठून पडवीच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"जुली, अगं तो पोरगा थांबलाय."

"थांबू दे," आतून उत्तर आलं.

ती आली ती जांभळ्या साडीत, केस ओले करून चापून बसवलेले, गळ्यात क्रूस. घुमट तिने कमरेशी धरला होता. ओवी त्या मडक्याकडे बघत राहिली आणि हात पुढे करायला लागली. जुलियाना खुर्ची सोडून खाटेच्या कडेवर बसली, कारण खुर्चीत बसून वाजवता येत नाही म्हणाली. उजेड पाठीमागून येत होता म्हणून कृतिकाने तिला जरा वळायला सांगितलं. ती वळली आणि फोनकडे बघून दात दाखवून हसली.

"हसायचं नाय काय?" तिने काशिनाथांना विचारलं.

काशिनाथ कृतिकाच्या मागे उभे होते. ते पुढे आले, तिचा डावा हात उघड्या तोंडावर थोडा वर सरकवला आणि मागे झाले.

"नको. वाजवताना तू हसत नव्हतीस. कपाळाला आठी असायची."

"ती अजून हाय," जुलियाना म्हणाली. तिने ओठ मिटले, खाली मान घालून चामड्यावर पहिली थाप मारली, आणि कृतिकाने फोटो काढला.